पाद्र्याच्या वाटेवरचे दगड

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर लागते, मग सौंसर आणि त्यापुढे रामाकोना. दुतर्फा संत्र्याच्या बागा आणि कपाशी, घरात नागपुरी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी. 1956च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा टापू मध्य प्रदेशातच राहिला. 2023मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. रामाकोन्याचे नाव बाहेरच्या जगाने ऐकावे असे वरकरणी काही कारण नाही. भूशास्त्रज्ञांना मात्र ते तोंडपाठ असते. त्यांच्या नियतकालिकांत ‘रामाकोना–कटंगी ग्रॅन्युलाइट पट्टा’ वर्षानुवर्षे भेटत राहतो. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर, भयंकर उष्णतेत आणि दाबाखाली या खडकांचे रूप पालटले. सौंसरच्या नावाचाही खडकांचा एक गट आहे आणि मध्य भारतातले मँगनीज त्यातच सापडते. एल. एल. फर्मर यांनी 1909मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असे नावही देऊन टाकले. ते खनिज आधीच दुसऱ्या नावाने नोंदलेले होते हे पुढे कळले आणि सीतापारचा मान गेला. (या टापूत दगडाची ख्याती आणखी एका कारणाने आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीत भूशास्त्र कुणी पाहत नाही.)

नागपूरकर भोसल्यांच्या या मुलखातले दगड चिकाटीने गोळा करणाऱ्यांमध्ये एक पाद्री होते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. दगड पाहणारे ते पहिले नव्हेत. डॉ. व्हॉइसी आणि माल्कमसन हे त्यांच्या आधी येऊन गेले होते. पण ती माणसे सरकारी चाकरीतली होती. हिस्लॉप आले होते ते शुभवर्तमान सांगायला.

ख्रिस्ती माणसापुढे एक प्रश्न पहिल्यापासून उभा आहे: मन प्रभूकडे ठेवायचे तर जगाचे काय करायचे? पेरणाऱ्याच्या दाखल्यात येशूने त्याचे उत्तर शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत दिले आहे. काही बी खडकाळ जागी पडते आणि उगवल्या उगवल्या करपते. काही काटेरी झुडपांत पडते आणि संसाराच्या चिंता, धनाचा मोह त्याला गुदमरवून टाकतात. हा दाखला हिस्लॉप यांना अर्थातच पाठ असणार. गंमत अशी की, बी पेरायला निघालेला हा माणूस खडकाळ जमिनीतच रमला.

त्यांची मंडळीच मुळी त्यागातून जन्मली होती. 1843च्या मे महिन्यात एडिंबरोमध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चची महासभा भरली. गावच्या मंडळीचा उपदेशक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, या वादावरून साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक एका फटक्यात चर्चबाहेर पडले. त्यांनी पगार सोडला, राहती घरे सोडली, देवळे सोडली. त्यांची झाली ‘फ्री चर्च’. हिंदुस्थानातले राजमान्य चर्चचे मिशनरीही याच बाजूला गेले आणि मिशनच्या जुन्या इमारतींवर त्यांना पाणी सोडावे लागले. पुढच्याच वर्षी 27 वर्षांचे हिस्लॉप मुंबईच्या जहाजात बसले. मद्रासच्या सैन्यातल्या विल्यम हिल या अधिकाऱ्याने नागपुरात मिशन निघावे म्हणून मोठी देणगी दिली होती, तिच्यावर हे काम उभे राहिले. 1845च्या फेब्रुवारीत ते नागपुरात पोचले. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट होता, कामठीला मद्रासी पलटणींची छावणी. 1846मध्ये शाळा सुरू झाली.

फ्री चर्चमध्ये दगडांची आवड ही बदफैली मानली जात नव्हती, हे इथे सांगायला हवे. तिचे पुढारी टॉमस चाल्मर्स यांना पृथ्वी फार जुनी आहे हे मानण्यात अडचण वाटत नव्हती. आणि तिच्या बाजूने लढणाऱ्या ‘विटनेस’ या वर्तमानपत्राचे संपादक ह्यू मिलर हे तर मूळचे पाथरवट. खाणीत छिन्नी चालवता चालवता ते भूशास्त्र शिकले. उत्पत्तीच्या पुस्तकातला एकेक दिवस म्हणजे एकेक प्रदीर्घ युग, अशी त्यांची मांडणी. अशा मंडळीतून आलेल्या तरुणाला टेकडीच्या कापात देवाचे हस्ताक्षर दिसले तर नवल नाही.

1847मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी येऊन मिळाले. दोघे बरोबर फिरत. 1851 साली टाकळीला, म्हणजे आज नागपूर शहराने गिळलेल्या टाकळीला, फिरताना त्यांना काळ्या दगडांच्या मधल्या थरात गोगलगायींचे शंख दिसले. सीताबर्डीच्या टेकडीतही तोच प्रकार. खाली काळा पत्थर, वर काळा पत्थर आणि मधे गाळाचा पातळसा थर, त्यात गोड्या पाण्यातले शंख. याचा अर्थ मोठा होता. लाव्हा एकदम आलेला नव्हता. एक लोट थंडावला, त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगायी राहिल्या, काठावर झाडे वाढली, फळे गळून पडली, किडे मेले, आणि मग वरून दुसरा लोट आला. टाकळीच्या त्या थरात फळे, बिया आणि किडेसुद्धा दगड होऊन बसलेले निघाले.

दोघांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध 1855मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. मांगलीच्या दगडातून निघालेली एक कवटी रिचर्ड ओवेन यांच्या टेबलावर पोचली. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे हेच ते ओवेन. त्यांनी त्या जलस्थलचर प्राण्याचे नाव ‘ब्रॅकिऑप्स’ ठेवले. कामठी–सिलेवाड्याच्या वालुकाश्मातली पाने चार्ल्स बनबरी यांनी 1861मध्ये वर्णिली. डब्लिनच्या हॉटन यांनी एका हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ आणि एका चिकणमातीला ‘हंटेराइट’ म्हटले. मुंबईच्या डॉ. कार्टर यांनी गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका इवल्या प्राण्याला ‘हिस्लोपिया’ केले. गोगलगायींच्या त्या थराचे वय मात्र हिस्लॉप यांना नीट लावता आले नाही. ते त्याला तृतीयक कल्पात बसवत. आज तो त्याच्याही आधीचा, क्रिटेशियसच्या अखेरीचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा मानला जातो.

एवढी यादी वाचल्यावर शंका येतेच. हा माणूस उपदेश कधी करत होता? मिशनला देणगी देणाऱ्यांनी पैसे शंखांसाठी दिले नव्हते. बाप्तिस्मे थोडे आणि जीवाश्म भरपूर, असाच हिशेब वरवर निघतो. पण दगड कुठे सापडले ते पाहिले तर चित्र बदलते. ते सापडले सीताबर्डीला, कामठीला, जिथे त्यांची शाळा, उपदेश आणि छावणीतली उपासना होती. आणि उरलेले बहुतेक दौऱ्याच्या रस्त्यांवर. खडकांसाठी त्यांनी वाट वाकडी केली असेल, पण शाळा सोडली असे दिसत नाही. हंटर यांचे पुढे वेगळे झाले. 1855मध्ये ते मायदेशी परतले आणि नंतर त्यांनी सात खंडांचा मोठा इंग्रजी ज्ञानकोशवजा शब्दकोश संपादला.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती हिस्लॉप यांच्या चरित्रकारांपेक्षा त्यांच्या शाळेतल्या मुलाला जास्त कळली असती. पाद्र्याने ‘जग’ म्हणून जे सोडायला सांगितले, ते त्या मुलासाठी आईच्या हातचे जेवण होते, पोळ्याचे बैल होते, घरचा गणपती होता, जात होती आणि वडिलांच्या इस्टेटीतला वाटा होता. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा कंपनी सरकारने 1850मध्ये केला खरा, पण तो कंपनीच्या मुलखापुरता. नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, म्हणजे 1854पर्यंत, भोसल्यांच्या प्रजेला त्याचा उपयोग नव्हता. मुलाला पोळा सोडावा लागे. पाद्र्याला हातोडी सोडावी लागली नाही. या विषमतेकडे मिशनच्या मंडळींचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. आपली आवड ती देवाच्या सृष्टीचे निरीक्षण आणि दुसऱ्याची आवड ती मोह, हा न्याय कुणालाही सोयीचा पडतो.

या गाठीला मराठीत खरा हात घातला तो नारायण वामन टिळकांनी, जवळपास अर्ध्या शतकानंतर. तेही नागपूरच्या वाटेवरच. 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यानंतर काय आले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. टिळकांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही; सोडला तो मिशनचा पगार, 1917मध्ये, आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. 1843मध्ये स्कॉटलंडच्या पाद्र्यांनी सरकारमान्य चर्चचा पगार सोडला होता. टिळकांना अडसर वाटला तो त्याच पाद्र्यांच्या जातकुळीतल्या मिशनचा. मोह कशाला म्हणायचे याचा त्यांचा निवाडा हिस्लॉप यांच्यापेक्षा कडक होता आणि मराठी मनाला जवळचाही.

हिस्लॉप यांचा वेळ खाणारी आणखी एक गोष्ट होती: गोंड. छिंदवाड्याच्या डोंगरात, देवगडच्या जुन्या गोंड राज्याच्या मुलखात मिशन काढावे हा त्यांचा ध्यास होता. गोंडी ऐकता ऐकता त्यांनी एका प्रधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली. प्रधान म्हणजे गोंडांच्या वंशकथा गाणारे. आता लिंगोची कथा ही बायबलातल्या उत्पत्तीची सरळसरळ प्रतिस्पर्धी. तिच्यात देव वेगळे, माणसांचा उगम वेगळा. ज्याचे काम ती कथा लोकांच्या मनातून पुसणे, त्यानेच ती कागदावर उतरवली. शंखांबद्दल खुलासा देता येतो, याबद्दल देणे तेवढे सोपे नाही.

4 सप्टेंबर 1863. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेले. प्राचीन माणसांची ती दफने, मोठाल्या दगडांच्या कड्यांनी वेढलेली. उत्खनन पाहून झाले, साहेबांची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मागे राहिले ते आणखी दगड पाहायला नव्हे, गावच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला. तोवर अंधार पडला. वाटेतला नाला पावसाने फुगलेला. त्यांचा घोडा रिकाम्या खोगिराने मुक्कामावर आला, तेव्हा शोध सुरू झाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांच्या कागदांचा गठ्ठा टेंपल यांनी हाती घेतला आणि 1866मध्ये तो मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचे टिपण म्हणून छापला. लिंगोची कथा त्यात मूळ गोंडी आणि इंग्रजीसह आली. कॅप्टन फॉरसिथ यांनी 1871च्या आपल्या पुस्तकात ती इंग्रजी पद्यात रचली आणि सातपुड्यातली ही कथा विलायतेतल्या वाचकांच्या दिवाणखान्यात गेली. नागपुरात 1883मध्ये कॉलेज निघाले, त्याला हिस्लॉप यांचे नाव दिले गेले. आज नागपूरकर ‘हिस्लॉप’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कॉलेज असते, माणूस क्वचितच.

गोंडांसाठीचे मिशनही त्यांच्या पश्चात झाले. 1866मध्ये फ्री चर्चचे रेव्हरंड जेम्स डॉसन छिंदवाड्याला राहायला आले. बायबलमधले काही भाग त्यांनी गोंडीत आणले. पण त्याआधी, 1870मध्ये, त्यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गोंडी शब्द आणि वाक्यांची यादी छापली. ग्रीअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात गोंडीवर लिहिताना या यादीचा उल्लेख आला. पुढे छिंदवाड्याचे काम स्वीडनच्या लुथरन मिशनकडे गेले. मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे मुख्यालय आजही तिथेच आहे, रामाकोन्याहून त्याच नागपूर रस्त्याने पुढे.