निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस

गेक्कोनिडी कुलातील जमिनीवर वावरणारी एक लहान पाल. उत्तर सह्याद्रीतील सदाहरित व निमसदाहरित जंगलांत ती आढळते. वरद गिरी, अ‍ॅरन बाउअर व क्षमता गायकवाड यांनी २००९ मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात तिचे प्रथम वर्णन केले. जातिनाम कोल्हापूर जिल्ह्यावरून.

घरातल्या पालीच्या बाहुल्या उभ्या फटीसारख्या असतात, हिच्या गोल. बोटांखाली रुंद चिकट पट्ट्या नसतात, त्यामुळे चढताना भिस्त नखांवर.

जात ओळखायची ती नरावरून, आणि तीही त्याला उताणा धरून. बहुतेक भारतीय निमॅस्पिस नरांत अवस्करापुढे (मलमूत्र व प्रजननाच्या सामाईक छिद्रापुढे) किंवा मांड्यांवर मेणासारखा स्राव सोडणारी रंध्रे असतात. काहींत ती एकाच जागी असतात, काहींत दोन्हीकडे पण मध्ये खंड पडून. या जातीत मात्र एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत २४ ते २८ रंध्रांची अखंड ओळ लागते. वर्णन झाले तेव्हा अशी मांडणी भारतातील दुसऱ्या कोणत्याही निमॅस्पिसमध्ये माहीत नव्हती, आणि नवी जात मानण्याचा मुख्य आधार हाच. रंगावर विसंबू नये. या प्रजातीत तो फसवतो.

प्रजातीचे नाव वादातले आहे. स्ट्राउख यांनी १८८७ मध्ये ते दिले व्हिएतनामजवळच्या एका बेटावरील पालीला. पुढे आफ्रिका, दक्षिण आशिया व आग्नेय आशियातील जाती त्याच नावाखाली आल्या. जनुकीय अभ्यासांत हे तीन गट एकमेकांचे निकटचे नातलग ठरले नाहीत. आफ्रिकी जातींना आता अँसिलोडॅक्टिलस म्हणतात. मूळ नाव आग्नेय आशियाकडे जात असल्याने भारतीय जातींचे काय, हा प्रश्न उरतो. येथे प्रचलित नाव ठेवले आहे.

या भागातील इतर निमॅस्पिस जातींपैकी गोव्यातून निमॅस्पिस गोएन्सिस १९७६ मध्येच नोंदली गेली होती. महाराष्ट्रातील नोंदी उशिराच्या: निमॅस्पिस गिरी २०१४ मध्ये (नाव वरद गिरींवरून), आंबोलीची फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस २०१६ मध्ये, तर २०१८ मध्ये उत्तर सह्याद्रीतून एकाच निबंधात चार जाती.

अधिवास: मूळ नमुने कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे. १९५८ पासून हे जंगल गव्यांसाठी राखलेले आहे; पालापाचोळ्यातल्या या रहिवाशाला ते संरक्षण अनायासे मिळाले. ते ज्यात मोडते ते राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशात.

आहार: कीटक.