ज्या घाणीला पाइप नाही

पंचगंगेत मेलेले मासे तरंगायला लागले की आपण सगळे, आम्ही पत्रकार धरून, एकच काम करतो. नाला शोधतो. जयंती नाल्याचा फोटो, मळीमिश्रित पाण्याची बातमी, प्रदूषण मंडळाची नोटीस. ते व्हायलाच पाहिजे. पण नदीतल्या घाणीचा एक वाटा पाइपातून येतच नाही. तो पावसाबरोबर शेतातून, रस्त्यावरून, उकिरड्यावरून वाहत येतो. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

कायद्यालाही तो नीट दिसला नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, ७ सप्टेंबर १९७० ला मंडळ स्थापन झालं. देशाचा कायदा १९७४ चा, तो आपण १९८१ मध्ये लागू केला. भर सगळा एकाच गोष्टीवर: सांडपाणी कोण सोडतो, कुठून सोडतो, त्याच्याकडे संमतीपत्र आहे का. आता शेताला कुठलं आलंय तोंड? संमतीपत्र द्यायचं कुणाला?

अमेरिकेत हाच पेच पडला होता. १९७२ च्या त्यांच्या कायद्याने प्रत्येक पाइपाला परवाना लावला. त्यातलं कलम २०८ असं होतं, की शेतातून वाहून येणाऱ्या घाणीचाही विचार करून भागवार आराखडे करा. आराखडे झाले, पण शेतकऱ्यावर बंधन कसलंच नाही. १९८७ मध्ये कलम ३१९ आलं, अनुदान मिळू लागलं. तरी सगळं राजीखुशीचं.

परिणाम बघायचा तर ईरी सरोवर बघा. साठच्या दशकात ‘मेलेलं सरोवर’ म्हणून त्याची बदनामी झाली होती. १९७२ मध्ये अमेरिका-कॅनडा करार झाला, शहरांचं सांडपाणी शुद्ध होऊ लागलं, साबण-पावडरीतलं फॉस्फरस कमी केलं. सरोवर खरंच सुधारलं. आणि नव्वदच्या दशकात पाण्यावर हिरवी साय परत यायला लागली! पाइप तर आवरले होते. आता फॉस्फरस येत होतं ते मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर आणि परिसरातल्या चार-पाच लाख लोकांना सांगावं लागलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नको. उकळलं तर शेवाळाचं विष आणखी दाट होतं. तीन दिवस अमेरिकेतलं एक शहर बाटल्यांसाठी रांगेत उभं होतं.

त्या खोऱ्यात पूर्वी मोठी दलदल होती. जमिनीखाली नळ्या घालून पाणी काढलं आणि सोन्यासारखी शेती केली. आता विरघळलेलं खत त्याच नळ्यांतून ओढ्याला जातं. शिरोळकडच्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. क्षारपड जमीन सुधारायला आपणही सच्छिद्र पाइप घालतोय. काम चांगलंच आहे, पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. पण त्या पाइपांचं पाणी ज्या ओढ्यात सुटतं, त्या पाण्यात नत्र किती, हे मोजायचं काम कुणाच्या वहीत आहे?

सुरू उसाचंच घ्या. लागण जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे मोठी बांधणी मे-जूनला. नत्राचा ४० टक्के हप्ता, स्फुरद-पालाशचा निम्मा, तेव्हाच पडतो. आणि लगेच पाऊस. खत मातीआड झालं नसेल तर पहिल्या दणक्यात ओढ्याला. यात शेतकऱ्याला चोर ठरवण्यासारखं काही नाही, पोत्याचे पैसे त्याचेच वाहून जातात.

ओहायो राज्याने टोलेडोच्या थोडं आधीच पन्नास एकरांवर खत टाकणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं करणारा कायदा केला होता. टोलेडोनंतर भिजलेल्या रानात खत टाकायला या खोऱ्यात बंदी आणली. आपल्याकडे पन्नास एकरवाला सापडायचा कुठे? इथे दीड-दोन एकरांचे हजारो तुकडे. प्रत्येकाच्या बांधावर कुठला सरकारी अधिकारी जाणार?

पण एक माणूस जातो. कारखान्याचा चिटबॉय. कुणाच्या कुठल्या गटात, कधी, किती उसाची लागण झाली, ही नोंद त्याच्याकडे असते. अनेक कारखाने खतही उधारीवर देतात. म्हणजे खोऱ्याचा आराखडा करायला लागणारी अर्धी माहिती कारखान्यांच्या शेती विभागात आजच पडून आहे. उरलेली अर्धी, म्हणजे ओढ्यांचे पाण्याचे नमुने, पहिल्या पावसात घ्यावे लागतील. गटसभेला कारखान्याचे संचालक आले की दराबरोबर हेही विचारा.