रखमाबाईंचा खटला आणि त्याचे वाचक

कोर्टातील खटल्यावर रचलेली कादंबरी आपल्या मंडळाच्या कपाटात कधी पडून राहत नाही. इतर कादंबऱ्या वेळेवर परत येतात. खटल्याची कादंबरी येते ती चार घरे फिरून, पाने दुमडलेली, कुठे हळदीचे बोट उमटलेली. शिवाय तिच्याविषयी प्रत्येकीचे मत ठाम असते. कुणाला वकिलाची उलटतपासणी आवडते, कुणाला खरा गुन्हेगार दहाव्या पानावरच ओळखू आलेला असतो, तर कुणी शेवटचे पान आधी वाचून मग पहिल्याकडे वळते. (ही सवय वाईट खरी, पण सुटत नाही.) मात्र खरा वाद पेटतो तो निराळ्याच गोष्टीवर. "तिने असे करावयास नको होते," असे कुणीतरी म्हणते आणि मग खून, पुरावा, पंचनामा सारे बाजूस राहून आपण सगळ्या त्या कथेतल्या बाईचा न्याय करावयास बसतो.

या आपल्या सवयीचा इतिहास फार जुना आहे. 1862 साली मुंबईत महाराज लायबल खटला गाजला, तेव्हाही लोकांनी कोर्टाच्या बातम्या कादंबरीसारख्या वाचल्या होत्या. परंतु घराघरांत, माजघरापर्यंत ज्याचे पडसाद गेले आणि ज्यावर चार वर्षे लोक हिरिरीने मते देत राहिले, असा खटला म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. 1884 ते 1888 या काळात तो हप्त्याहप्त्याने वाचला गेला. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी "आता पुढे काय?" हा प्रश्न होताच. आपल्या सोलापुरास 1860 मध्येच आगगाडी आली होती, तेव्हा मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे येथेही फार शिळी होऊन येत नसणार. ओसरीवर एकाने मोठ्याने वाचावे आणि दाराआडून बाकीच्यांनी ऐकावे, हीच बहुतेक बायकांची त्या काळची वाचनाची रीत.

गोष्ट अशी. रखमाबाईंचा जन्म 1864 चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच वारले. आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांची जात सुताराची. त्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती, म्हणून काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे डॉक्टर वनस्पतिशास्त्रातही जाणते होते; 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे तो फार बोलतो.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झाले. तो सावत्र वडिलांच्या नात्यातला, घरचा गरीब. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, मार्गास लागावे, असा बेत होता. तो काही साधला नाही. दादाजी आपल्या मामाकडे राहावयास गेले, आजारी पडले, शिक्षण तर दूरच राहिले. इकडे रखमाबाई घरच्या घरी वाचू लागल्या, इंग्रजी शिकल्या. दोघांचा संसार एक दिवसही झाला नाही. 1884 च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीस नांदावयास पाठवण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले.

कादंबरीकार ज्या कलाटणीसाठी झटतो, ती येथे आपोआप घडली. 26 जून 1885 रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर एक पत्र आले. खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. बालपणी लग्न झालेल्या मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि तिचे आयुष्य कसे करपते, हे त्यात इतक्या स्पष्टपणे लिहिले होते की वाचकांत खळबळ उडाली. सप्टेंबरात विधवांच्या दुःस्थितीवर दुसरे पत्र आले. ही बाई कोण? बाईच आहे की बाईचे नाव घेतलेला कुणी सुधारक? असे तर्क चालू असता त्याच सप्टेंबरात खटल्याची सुनावणी झाली. पुढे उघड झाले की पत्रलेखिका खुद्द रखमाबाईच होत्या! खटल्यातील नायिका स्वतःच वाचकांच्या पत्रव्यवहारात बसून लिहीत होती. एखाद्या लेखकाने हे रचले असते, तर अतिरंजित म्हणून आपण नाक मुरडले असते.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा साधा होता. दावा होता वैवाहिक हक्क 'पुन्हा' मिळावेत असा. पण जे नांदणे कधी सुरूच झाले नाही, ते पुन्हा सुरू कसे करावयाचे? अजाण वयात लावून दिलेल्या लग्नापायी एका जाणत्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध एका पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले.

येथून वाचकांच्या मतांना पूर आला. बेहरामजी मलबारी यांनी 1884 मध्येच बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली होती; त्यांचा 'इंडियन स्पेक्टेटर' रखमाबाईंच्या बाजूने उभा राहिला. मंडलिकांचे 'नेटिव्ह ओपिनियन' दादाजींच्या बाजूचे. पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' यांचा रोख असा की परक्या न्यायाधीशाने हिंदू धर्मशास्त्रात हात घातला. आज एक बाई सुटली, उद्या कुणाचा संसार टिकणार? या मतामागे निव्वळ बायकांचा द्वेष होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परकी सत्ता घरात शिरते आहे ही भीती खरी होती. पण या भीतीची किंमत एकट्या मुलीने द्यावी, असे ठरवणाऱ्यांत मुलगी एकही नव्हती.

गंमत अशी की ज्या दाव्याला लोक धर्माचे कवच समजत होते, तो धर्मशास्त्रातला नव्हताच. पळालेल्या जोडीदारास कोर्टाच्या हुकुमाने घरी आणणे ही रीत इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली होती. आणि हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने 1884 मध्येच काढून टाकली होती, म्हणजे दादाजींची नोटीस आली त्याच वर्षी. आपल्याकडे मात्र ती दिवाणी कायद्यात तशीच राहिली. विलायतेने टाकून दिलेली वस्तू आम्ही आमची परंपरा म्हणून छातीशी धरली होती.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी 1886 मध्ये ठरवले की हिंदू विवाह संस्काराने पूर्ण होतो, तेव्हा असा दावा चालू शकतो. खटला पुन्हा खाली आला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. त्याच्या सहाच दिवस आधी, 26 फेब्रुवारीस, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. एका शिकलेल्या बाईसाठी लोक हळहळत होते त्याच आठवड्यात दुसरीला तुरुंगाचा रस्ता दाखवला जात होता.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन, पण त्या घरी जाणार नाही.

हे उत्तर ऐकून वाचकवर्ग पुन्हा दुभंगला. आता नुसती देशी पत्रे नव्हेत, लंडनच्या 'टाइम्स'मध्येही 1887 च्या एप्रिलमध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले. मॅक्सम्युलरसारख्या पंडितांनी मत दिले. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी या निकालाविषयी लिहिले, आणि त्या मजकुरात जी चीड आहे ती आजही जाणवते. रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. बायकांनी एकत्र बसून बोलण्याची जी जागा त्यांनी उघडली, तिच्याच वाटेने आपल्यासारखी मंडळे पुढे आली. म्हणून त्यांचे मत मला त्या गदारोळातील सर्वांत वजनदार वाटते. त्या स्वतः घरातून, जातीतून बाहेर पडलेल्या होत्या, त्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

दादाजींची बाजूही वाचकाने ऐकावी. 1887 मध्ये त्यांनी आपली कैफियत छापून काढली. तिचे सार असे की सारे भांडण मालमत्तेचे. मुलगी नांदावयास गेली तर इस्टेटही जाईल, म्हणून सासरच्यांनी तिचे मन फिरवले. रखमाबाईंनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये तिला उत्तर दिले. घरजावई म्हणून आणलेल्या गरीब मुलाचा मान तेथे किती राहिला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आठ वर्षे त्याने वाट पाहिली हेही खरे. पण दुसऱ्या लग्नाची वाट पुरुषास मोकळी होती. बाईस ती नव्हती. या एका गोष्टीपुढे दोन्ही तागड्या समान राहत नाहीत.

आणि शेवट? खटल्याच्या कादंबरीचा वाचक येथे नक्की नाराज होईल. रखमाबाईंच्या पाठीशी समिती उभी राहिली होती, विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाण्याची भाषा चालली होती. पण 1888 च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी सोडून दिली. टाळ्या नाहीत, न्यायाधीशाचे अखेरचे भाषण नाही. पुढे दादाजींनी दुसरे लग्न केले. कायद्याने हा विवाह कधी मोडलाच नाही.

म्हणून की काय, लोकांनी दुसरा शेवट रचला. महाराणी व्हिक्टोरियाने स्वतः हुकूम काढून रखमाबाईंचे लग्न रद्द केले, असे पुष्कळ ठिकाणी मोठ्या खात्रीने सांगितले जाते. ऐकावयास ते गोड लागते: दूर देशीची राणी, तिच्या कानी गेलेली एका लेकीची हाक. पण तडजोडीचा व्यवहार असताना राणीच्या हुकुमास जागा उरत नाही. वाचकास हवा असलेला शेवट आणि झालेला शेवट यांत असा फरक पडतो, आणि जिभेवर टिकतो तो पहिलाच.

त्या वादांतून काय निघाले? 1887 मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' निघाला; समाजसुधारणेवरील मतभेद त्यामागे होते. 1890 मध्ये कलकत्त्याच्या फुलमणी या अल्पवयीन मुलीचा पतीकडून मृत्यू झाला, आणि 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्याच 1890 पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तीत बाई स्वतः आपली हकीकत सांगते. 'एक हिंदू स्त्री'ची पत्रे वाचलेल्या पिढीस तो आवाज अगदीच अनोळखी वाटला नसेल, असे मला वाटते. नांदावयास न गेल्याबद्दल कैदेची शिक्षा मात्र 1923 मध्ये रद्द झाली. रखमाबाईंच्या नकारानंतर 36 वर्षांनी!

मूळ दावा तर अजूनही आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो पती व पत्नी दोघांसाठीही ठेवला आहे. 1983 मध्ये आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाने ते कलम घटनेशी विसंगत ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते ग्राह्य धरले. आता तुरुंग नाही, हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर घटस्फोट मागता येतो.

रखमाबाई 1889 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. 1894 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे मिळून त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बायकांच्या दवाखान्यांत काम केले. 25 सप्टेंबर 1955 रोजी त्या वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमलात आला होता.

या हकिगतीतील एक गोष्ट सांगितली की मंडळात हमखास दोन तट पडतात. 1904 मध्ये दादाजी वारले. ज्या माणसाच्या घरी त्यांनी पाऊल टाकले नाही, ज्याच्यापायी तुरुंग पत्करला, त्याच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. काही भगिनींना हे रुचत नाही. एवढे लढून शेवटी हार मानली, असे त्या म्हणतात. काही म्हणतात, सरकारी दवाखान्यात येणाऱ्या साध्या बायकांनी आपल्याजवळ निःशंक यावे म्हणून त्यांनी ते केले असेल. एक वयस्क सभासद म्हणाल्या की कायद्याने लग्न मोडले नाही हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होते, आणि त्यांनी तो हिशेब आपल्या परीने मिटवला. मला तिसरे मत पटते. पण रखमाबाईंनी स्वतः याचा खुलासा केलेला माझ्या वाचनात नाही. वर्तमानपत्रांत इतके स्पष्ट लिहिणारी ही बाई त्या साडीविषयी मात्र काही बोललेली दिसत नाही.