जव्हार-मोखाडा प्रांतांतील तरुणीचें मनोगत : प्रीति, मान व देश यांविषयींचीं साधनें

जुन्या दप्तरांत स्त्रियांचीं नांवें येतात तीं बहुधा ठराविक निमित्तांनीं येतात. वतनाचा वारसा, दत्तकाचा तंटा, देवस्थानास दिलेलें दान, यांपैकीं कांहीं कारण असेल तर स्त्रीचें नांव कागदावर चढतें. परंतु लग्नाच्या वयास आलेल्या मुलीच्या मनांत प्रीतीविषयीं काय चाललें आहे, स्वतःचा मान ती कशांत समजते, आणि ज्या भूमींत ती वाढली त्या भूमीला ती काय मानते, हें सांगणारा कागद क्वचितच हातीं लागतो. लागलाच तर तो शहरांतला आणि लिहित्या घरचा असतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या जमातींची दाट वस्ती आहे. तेथील तरुणीनें स्वहस्तें लिहिलेलें टिपण शोधूं गेल्यास निराशाच पदरीं यावयाची. मग या विषयास साधनेंच नाहींत असें म्हणून तो सोडून द्यावा काय? तसें करण्याचें कारण नाहीं असें प्रस्तुत लेखकास वाटतें. साधनें आहेत; परंतु तीं घराच्या भिंतीवर, लग्नाच्या गाण्यांत आणि सावकाराच्या वहींत विखुरलेलीं आहेत. पुढील विवेचन मुख्यतः वारली जमातीविषयीं आहे.

प्रथम प्रदेशाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. जव्हारचें राज्य मुकणे घराण्याचें, महादेव कोळी कुळांतलें. मूळपुरुष जयबा यानें बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली आणि कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांनीं मोठा मुलूख वेढून घेतला, अशी आख्यायिका ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. हीच कथा भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगराची राणी डायडो हिच्याविषयींही सांगतात; तेव्हां तिला इतिहास म्हणून किती वजन द्यावें हें उघड आहे. जयबाचा पुत्र नेमशहा यास १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली असें घराण्याची परंपरा सांगते. १६७२ सालीं मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार जिंकून घेतलें. १९४८ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा मुलूख नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतो.

आपल्या विषयास महत्त्वाची गोष्ट ही कीं, मोखाडा हा जव्हारच्या शेजारीं असूनही इंग्रजी अमलांतील ठाणें जिल्ह्याचा पेटा होता. एकच जंगल, एकच बोली, एकच सोयरीक. परंतु मधून राज्याची सरहद्द जात होती. मोखाड्याची मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे नांदावयास गेली म्हणजे इंग्रजांची प्रजा ती संस्थानची प्रजा होई. देश म्हणजे काय, या प्रश्नास तिच्या जीवनांत असें विचित्र रूप होतें.

आतां तुलनेसाठीं शहराकडे वळूं. १८८५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया पत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ अशा सहीनें बालविवाहाविरुद्ध एक पत्र आलें. लिहिणारी रखमाबाई, वय वीस वर्षांचें. अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी यांशीं लावून दिलेलें होतें. ती सासरीं नांदावयास गेली नव्हती. दादाजींनीं १८८४ सालीं तिजवर दावा लावला. न्या. पिन्हे यांनीं १८८५ सालीं तो काढून टाकिला. परंतु अपिलानंतर न्या. फॅरन यांनीं ४ मार्च १८८७ रोजीं तिनें नवऱ्याकडे जावें, न गेल्यास कैद भोगावी, असा हुकूम दिला. आपण तुरुंग पत्करूं, असें तिनें ठरविलें. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हक्क सोडला, आणि रखमाबाई पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या प्रकरणांत प्रीति, स्वाभिमान आणि देशाभिमान हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. न आवडत्या लग्नास मी बांधलेली आहें काय, हा तिचा प्रश्न. परक्या सरकारच्या न्यायासनापुढें आणि परक्या भाषेच्या पत्रांत घरची गोष्ट नेणें हें देशाभिमानास शोभतें काय, हा तिच्या विरोधकांचा प्रश्न. ‘केसरी’नें तिच्याविरुद्ध बाजू घेतली ती बव्हंशीं या दुसऱ्या दृष्टीनें.

या खटल्याच्या काळांतच ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध झालें होतें (१८८२). त्यांतील आणि सावे यांच्या ‘दि वारलीज’ (१९४५) या ग्रंथांतील वर्णनें रखमाबाईच्या खटल्याशेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे मोठा विस्मय वाटतो. ज्या मोकळिकीसाठीं मुंबईची सुशिक्षित तरुणी तुरुंगांत जावयास सिद्ध झाली, ती वारली मुलीस रूढीनेंच मिळालेली होती. बाळपणीं लग्न लावण्याची सक्ती नाहीं. विधवेस पुन्हा संसार मांडण्यास आडकाठी नाहीं. न पटल्यास फारकत होऊं शकते. भात हातीं येण्याच्या सुमारास तारप्याचा नाच रात्र रात्र चालतो. तारपा वाजविणारा मध्यें, आणि त्याच्या भोंवतीं हातांत हात गुंफलेली तरुण-तरुणींची सांखळी. येथें पुष्कळ सोयरिकी ठरतात. वडिलांस पसंत नसल्यास दोघें पळून जातात आणि मागाहून जात त्यांस सामावून घेते. मुलीच्या बापास हुंडा द्यावा लागत नाहीं. उलट वराकडून देज घेतलें जातें. देजाची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याच्या घरीं राहून श्रमानें त्याची फेड करितो. त्यास घरोर म्हणतात. लग्नविधि न करितां एकत्र राहिलेल्या जोडप्यास गांव वाळींत टाकीत नाहीं. ऐपत येईल तेव्हां विधि करावा. क्वचित् बापाचें व मुलाचें लग्न एकाच मांडवांत लागतें.

यावरून येथील मुलीस मानाची फिकीर नव्हती असें अनुमान काढणें चुकीचें होईल. तिच्या मानाचें स्थान निराळें आहे, आणि तें भिंतीवरून कळतें. लग्नाच्या वेळीं घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. लिहिणाऱ्या सुवासिनी असतात. मध्यभागीं पालघट देवी, सभोंवार नक्षीची चौकट, आणि तिच्या आसपास झाडें, माणसें, पशु. हा चौक लिहिल्यावांचून लग्न लागलें असें मानीत नाहींत. लग्न लावण्याचा अधिकारही धवलेरी या स्त्रीकडे असतो. तिच्या गाण्यांनींच विधि पुढें सरकतो. लग्न लावणारी स्त्री, देवी आंखणाऱ्या स्त्रिया, आणि देवीही स्त्रीच, अशी ही व्यवस्था आहे. मुलगी कितीही वर्षें नवऱ्याजवळ नांदली तरी आपल्या नांवाचा चौक भिंतीवर उठावा, धवलेरीनें आपलें लग्न गावें, ही आस तिला राहते. लग्न न लावतां राहण्यास कोणी नांवें ठेवीत नसतांही उतारवयांत जोडपीं विधि करवितात, यावरून या आसेचें बळ कळतें.

येथें साधनांच्या परीक्षणाविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. धवलेरीचें गाणें हें विधीचें गाणें आहे. तें अमुक एका मुलीचें खासगी मनोगत म्हणून वाचूं नये. रखमाबाईचें पत्र एका व्यक्तीचें. हें गाणें जमातीच्या स्त्रियांचें, पिढ्यान् पिढ्या घासून आलेलें. त्यावरून कोणतीं मूल्यें मुलींच्या कानीं लहानपणापासून पडत होतीं एवढेंच निश्चयानें सांगतां येतें. तेंही थोडें नाहीं.

याच मानाची आस सावकाराच्या वहीनें पकडली. लग्नविधीस देज, लुगडीं, धान्य आणि जातीस पाजण्याची दारू इतका खर्च येई. जमीन बहुतेक जमीनदार व सावकार यांच्या हातीं गेलेली. पावसाळ्यांत पोटासाठीं खावटी काढावी आणि सुगीस ती वाढीदिढीनें फेडावी, अशी स्थिति. तेव्हां लग्नासाठीं तरुणानें धनकोकडून पैसे घ्यावे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरीं व शेतांत राबावें, ही चाल पडली. अशा राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटण्याचा हिशेब धनकोच्या हातीं. राबणाऱ्यास अक्षरओळख नाहीं. पुष्कळांचा सारा जन्म त्यांत गेला. नवऱ्यामागून बायकोसही राबावें लागे. मालकाची नजर तिच्यावर पडल्यास तिला दाद मागण्यास जागा नसे. डी. सिमिंग्टन यांनीं मुंबई सरकारास सादर केलेल्या व १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत या गुलामगिरीचें स्पष्ट वर्णन आहे. तो अहवाल १९३५ च्या कायद्यान्वयें ‘अंशतः वगळलेल्या’ मुलखापुरता होता. त्यांत मोखाडा व उंबरगांव हे पेटे, डहाणू व शहापूर हे तालुके येतात. जव्हार संस्थान म्हणून त्याच्या कक्षेबाहेर राहिलें. म्हणजे सरहद्दीच्या अलीकडच्या मुलीची स्थिति सरकारी कागदांत आली. पलीकडे नांदणाऱ्या तिच्या बहिणीची तीत आली नाहीं.

या ठिकाणीं मुंबई आणि मोखाडा यांतील भेद पुरा उमगतो. मुंबईच्या मुलीस कागद होता, मोकळीक नव्हती. मोखाड्याच्या मुलीस मोकळीक होती, कागद नव्हता. आणि जो एकच कागद तिच्या घरांत शिरला, तो कर्जाचा. त्यानेंच तिची मोकळीक नेली. आवडीनें निवडलेला नवरा दुसऱ्याचा गडी झाला, आणि ज्या चौकांत तिचा मान होता तोच तिला गहाण टाकण्याचें निमित्त झाला. वारली समाजास दारिद्र्यानें गांजलें हें सर्व लेखक सांगतात. त्या दारिद्र्याची मेख नेमकी लग्नाच्या मांडवांत ठोकलेली होती, हें स्त्रीच्या बाजूनें पाहिल्यावांचून ध्यानीं येत नाहीं.

ही मेख १९४५ सालीं निघाली. त्या वर्षीच्या जानेवारींत टिटवाळें येथें किसान सभेची परिषद भरली. पुढें २३ मे रोजीं तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी गांवीं वारल्यांची परिषद होऊन वेठ न करण्याचा ठराव झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत गांवोगांव लग्नगडी मोकळे झाले. या चळवळीच्या अग्रभागीं शामराव व गोदावरी परुळेकर होतीं. गोदावरीबाई (पूर्वाश्रमीच्या गोखले, जन्म १९०७) पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजांत काम केलेल्या. या लढ्याची हकीकत त्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकांत लिहिली. चळवळीचें केंद्र डहाणू-उंबरगांवकडे होतें. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाडें येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड यासह पांच जण मारले गेले.

देशाभिमानाचा प्रश्न येथें पुन्हा उभा राहतो. जव्हारचे अखेरचे अधिपति यशवंतराव मुकणे यांनीं दुसऱ्या महायुद्धांत विमानदलांत सेवा केली, तो एक देशाभिमान. शहरांत स्वराज्याच्या सभा भरत, तो दुसरा. डोंगरांतल्या तरुणीस हे दोन्ही दूरचे होते. तिचा नवरा मालकाच्या अंगणांतून सुटून स्वतःच्या झोंपडींत आला, आणि वेठीस बोलावणें आलें असतां ‘नाहीं’ म्हणतां आलें, तेव्हां या देशांत आपली कांहीं जागा आहे असें तिला प्रथमच अनुभवास आलें असावें. हें अनुमान आहे खरें; परंतु घटनांचा क्रम त्यास अनुकूल आहे.

एक गोष्ट संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यांत देशभरच्या वेठीच्या स्थानिक नांवांची लांब यादी दिली आहे. बेठू, कामिया, सागडी, वेट्टी अशीं नांवें तींत आहेत. ‘लग्नगडी’ हें नांव नाहीं. कायद्याची व्याख्या व्यापक असल्यामुळें त्यानें न्यायास बाध येत नाहीं, पण शब्द मात्र यादींतून गळला. भिंतीवरील चौकाचेंही असेंच. १९७० नंतर गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आदि कलावंतांनीं ही चित्रकला कागदावर आणिली व ती जगभर गेली. कागदावर आली तेव्हां मोठीं झालीं तीं नांवें बहुधा पुरुषांचीं. पूर्वी भिंतीवर लिहीत आलेल्या सुवासिनींचीं नांवें कोणीं टिपून ठेविलीं नाहींत.

असो. सनदा व बखरी जमविणाऱ्या विद्वानांस इतकीच विनंति आहे. ठाणें-पालघरकडील जुन्या सावकारी वह्या, गवताच्या व लांकडाच्या व्यापाऱ्यांचीं खातीं, लग्नासाठीं लिहून घेतलेले रोखे रद्दींत जाऊं देऊं नयेत. जव्हार संस्थानच्या न्यायदप्तरांत फारकत, देज किंवा पळून जाणें यांविषयींचे कागद असल्यास त्यांची निराळी यादी करावी, म्हणजे सिमिंग्टनच्या अहवालाबाहेर राहिलेली बाजू भरून निघेल. धवलेरीचीं गाणीं उतरून घेतांना गाणारीचें नांव, गांव व दिवस न विसरतां लिहावा, आणि चौकाचें छायाचित्र घेतांना तो कोणत्या स्त्रियांनीं लिहिला हें तिथल्या तिथें विचारून घ्यावें.