उन्हाळ्यात ट्रकला कोणतं इंजिन ऑईल घालावं? ‘जाड तेच चांगलं’ हा समज किती खरा

सौंदड (ता. सडक अर्जुनी) : उन्हाळी धानाची कापणी आणि पूर्व विदर्भातलं सगळ्यात कडक ऊन एकाच वेळी येतं. खरेदी केंद्रावरून राईस मिलकडे, मिलमधून गोदामाकडे भरलेले ट्रक याच दिवसांत धावतात. पारा ४४-४५ च्या पुढे गेला की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या सहा नंबरवर, केबिन पुढे झुकवून उभे असलेले ट्रक दिसायला लागतात. आणि मग सल्ला ठरलेला, “उन्हाळा आहे, जाड ऑईल टाका.” हा सल्ला अर्धाच खरा आहे. नव्या गाड्यांच्या बाबतीत तर तोट्याचा.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

ट्रकसाठी आपल्याकडे सर्रास मिळतं ते १५डब्ल्यू-४०. त्याच्या बाजूला २०डब्ल्यू-५० दिसतं, काही नव्या गाड्यांसाठी १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑईल थंडीत किती पातळ राहतं ते सांगतो. १५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली २० अंशांवर होते. गोंदियात डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठपर्यंत उतरतो, विदर्भात त्या दिवसांत गोंदियाच पुष्कळदा सगळ्यात थंड असतं, तरी १५डब्ल्यूला ती थंडी काहीच नाही. म्हणून इथे पहिल्या आकड्याची फार चिंता करायचं कारण नाही.

महत्त्वाचा आहे दुसरा आकडा. ४० किंवा ५० हे ऑईल १०० अंश तापल्यावर किती घट्ट राहतं ते दाखवतो. १०० अंश का? कारण चालत्या इंजिनात ऑईल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. ते गोंदियात तेवढंच, आणि थंड प्रदेशातही जवळपास तेवढंच. थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ठरलेल्या तापमानावर धरून ठेवतो. बाहेर ३० असो की ४५, रेडिएटर नीट असेल तर इंजिनच्या आत फारसा फरक पडू नये, अशीच रचना केलेली असते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मे महिन्याच्या दुपारी सावलीत ४० अंश असताना, रात्रभर उभ्या गाडीतलं १५डब्ल्यू-४० हे चालू इंजिनातल्या ऑईलपेक्षा सातेक पट घट्ट असतं. सेल्फ मारल्यावर ते वर हेडपर्यंत चढायला वेळ घेतं. २०डब्ल्यू-५० त्याहून जास्त. इंजिनची झीज सुरुवातीच्या काही सेकंदांत बरीच होते ती यामुळेच. म्हणजे “ऊन आहे म्हणून ऑईल पातळच असेल” हे खरं नाही.

मग ५० नंबर कधी?

कंपनीच्या सर्व्हिस बुकात त्या गाडीला ५० चालतं असं लिहिलं असेल तेव्हा. जुन्या, लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी वाढलेल्या असतात. अशा गाडीचा ऑईल प्रेशरचा काटा गरम झाल्यावर खाली येतो, तिथे २०डब्ल्यू-५० ने प्रेशर थोडं सावरतं. पण हा इलाज नाही, झीज झाकण्याचा प्रकार आहे. घट्ट इंजिनात जाड ऑईल घातलं तर पंपाला जास्त जोर लागतो, बेअरिंगला ऑईल कमी पोहोचतं, डिझेल जास्त जातं आणि स्वतःच्याच घर्षणाने ऑईल आणखी तापतं.

बीएस-६ गाडी असेल तर आधी हे वाचा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. या ट्रकच्या सायलेन्सरच्या बाजूला डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. काजळी अधूनमधून जळून जाते, पण ऑईलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती जाळीत साठत राहते आणि जाळी चोक होते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. डब्यावर एपीआयचा गोल शिक्का पहा. ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं डिझेलची, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ असा क्रम आहे. पुढचं अक्षर म्हणजे नवीन दर्जा. सीजे-४ पासून राखेवर एक टक्क्याची मर्यादा आली. सीके-४ हा दर्जा डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि तो मागच्या गाड्यांनाही सहसा चालतो. उलटं मात्र चालत नाही. बीएस-६ ट्रकमध्ये स्वस्त पडतं म्हणून जुनं सीएच-४ ओतलं, तर वाचलेले पैसे डीपीएफच्या बिलात कितीतरी पटीने जातात. आणि ड्रायव्हर ज्याला ‘युरिया’ म्हणतात त्या डीईएफची टाकी वेगळी, ऑईलशी तिचा संबंध नाही. ते चुकून इंजिनात किंवा डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू करू नका, आधी मिस्त्रीला बोलवा.

गरम होण्याचं कारण पुष्कळदा ऑईल नसतंच

बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरला उष्णता सोडायला वाव कमी उरतो. त्यात धान, कोंडा, तणस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि काड्या अडकतात. हंगामात ही जाळी आठवड्याला तरी कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेर अशी धुवायला पाहिजे. जोरदार फवारा मारला तर पत्र्याच्या पात्या वाकतात. कूलंटऐवजी नुसतं बोअरचं पाणी भरलं तर आतून क्षार धरतो. फॅन बेल्ट ढिला आहे का, हेही पाहावं. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, दरवर्षी कुणीतरी भाजतंच.

ऑईलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून एकदा गाडी खूप तापली असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदललेले बरे. मिलसमोर रांगेत इंजिन चालू ठेवून काढलेले तासही ऑईल खातात, मीटरवर मात्र ते दिसत नाहीत. टर्बोच्या गाडीने भरलेल्या मालासह दम काढला असेल तर बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं संथ चालू ठेवावी.

पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काढा. डिझेल इंजिनचं ऑईल लवकर काळं पडतं, ते काजळी धरून ठेवतं म्हणून; काळं दिसलं म्हणजे खराब, असं नाही. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅसकेट किंवा ऑईल कूलर तपासा. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. बीएस-६ गाडीत अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमुळेही असं होतं. वरच्या खुणेच्या वर ऑईल भरू नका, त्याला फेस येतो आणि प्रेशर पडतं.

डबा घेताना सील आणि बॅच नंबर पाहून पक्कं बिल घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, कारण असल कंपनीच्या त्याच डब्यात पुन्हा गाळलेलं ऑईल भरून विकलं जातं. काढलेलं जळकं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते नाल्यात किंवा बोडीच्या काठावर न ओतता बंद कॅनमध्ये ठेवून परवानाधारक संकलकाला द्यायचं असतं, गॅरेजवाल्याकडे त्याची चौकशी करता येते.