बसून राहिलेला ट्रॅक्टर

पार्ल्याहून बोरिवली लोकल धरली की वाटेत कांदिवली लागते. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा कारखाना इथलाच. १९७७ मध्ये ती महिंद्रमध्ये विलीन झाली. तिचा बी-२७५ गावोगाव गेला.

त्या पिढीच्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर नव्हे, डायनॅमो असे. डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसते. म्हणून डायनॅमो बंद पडल्याचे कळते ते दुसऱ्या दिवशी, स्टार्टर गप्प राहिल्यावर. मग बॅटरी बदलली जाते. पण पुष्कळदा उभ्या डायनॅमोतले चुंबकत्व तेवढे गेलेले असते. बॅटरीची तार फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवली की ते परत येते.

क्लचचेही तसेच. पावसाळाभर उभ्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबूनही गिअर करकरतो. प्लेटपर्यंत पोचायचे तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. म्हणून जाणता मिस्त्री तो उभा करतानाच पेडल दाबून लाकडाने अडवायला सांगतो.

ही दुखणी झिजेची नाहीत, थांबण्याची आहेत. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे विचारावे: हा म्हातारा झालाय, की नुसता बसून राहिलाय?