७.०७४चं कूळ

चाळीस मीटर बँडवर एफटी-८ या डिजिटल मोडनं काम करायचं म्हटलं की जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, रिगचा डायल ७.०७४ मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवतात. नांदेडच्या गच्चीवर डायपोल ताणलेला माणूसही तिथंच येतो आणि ओसाकातलाही. कुठल्या सरकारनं हा आकडा नेमून दिलेला नाही, कुठल्या आंतरराष्ट्रीय करारातही तो नाही. तो आला कुठून, हे मराठवाड्यातल्या हॅमनं नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण तो जिथं येऊन बसला आहे ती जागा आपल्या फार गरजेची आहे.

सुरुवात १९१२ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्यानं हौशी लोकांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं. या लहरी लांब जात नाहीत, असा तेव्हाच्या जाणकारांचा समज होता. १९२३च्या नोव्हेंबरात याच लोकांनी ११० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं, आणि मग त्या ‘निरुपयोगी’ लहरी सगळ्यांनाच हव्याशा झाल्या. १९२७ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत वाटणी झाली, तेव्हा हौशी सेवेला ८०, ४०, २०, १० मीटर असे एकमेकांच्या पटीतले पट्टे मिळाले. त्याला व्यवहारी कारण होतं. तेव्हाचे ट्रान्समीटर आपल्या दुप्पट-चौपट फ्रिक्वेन्सीवरही सांडायचे. ३.५चं सांडलेलं ७ मध्ये, ७चं १४ मध्ये पडलं तर त्रास आपसातच राहतो.

चाळीस मीटरला तेव्हा ७.० ते ७.३ असा ऐसपैस पट्टा होता. अमेरिका खंडांत तो टिकला. आपल्याकडे, युरोपात आणि बाकी आशियात मात्र पुढच्या काही दशकांत वरचा भाग प्रसारण केंद्रांकडे गेला आणि हौशींच्या हाती ७.० ते ७.१ एवढंच उरलं. पुढच्या सगळ्या अडचणीचं मूळ या शंभर किलोहर्ट्झमध्ये आहे.

याच शेजारात आपला एक मोठा इतिहासही घडला. १९४२च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, त्याची लहर ४२.३४ मीटर सांगितली जायची. मेगाहर्ट्झमध्ये ती ७.०८ होते. नरिमन प्रिंटरसारखे वायरलेसचे जाणकार त्या कामात होते. आज एफटी-८ची किणकिण जिथं ऐकू येते, त्याच्या अगदी कडेला तेव्हा पोलिसांना चुकवत बातम्या दिल्या जात होत्या.

डिजिटल मोडची वंशावळ वेगळी. मोर्सला पहिला मान. महायुद्धानंतर भंगारात निघालेले टेलिप्रिंटर हौशींनी रेडिओला जोडले, ती आरटीटीवाय. घराघरांत संगणक आल्यावर, १९९८च्या सुमारास, ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-३१ आणलं. त्याची रुंदी जेमतेम काही दशक हर्ट्झ. वीस मीटरवर ते १४.०७० ला स्थिरावलं आणि चाळीस मीटरवर अमेरिकेत ७.०७० ला. अमेरिकेत हे सहज जमलं, कारण तिथं मुख्य भूमीवर ७.१२५च्या खाली आवाजी संभाषणाला परवानगीच नाही.

पुढचा पूर्वज थेट नोबेलचा मानकरी. जो टेलर यांना रसेल हल्स यांच्यासह जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चंद्रावर आपटून परत येणारा क्षीण सिग्नल पकडण्यासाठी त्यांनी जेटी-६५ रचलं. ते लोकप्रिय झालं आणि ७.०७६ ला बसलं, त्याचं भावंड जेटी-९ ७.०७८ ला. २०१७ मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ आणलं तेव्हा पीएसके आणि जेटी-६५ यांच्यामधली फट शिल्लक होती. ती ७.०७४. एफटी-८च्या संगणक-प्रोग्रॅममधल्या फ्रिक्वेन्सीच्या यादीत तो आकडा आधीपासून भरून आला आणि लोकांनी तो निवडला. परिषदा, ठराव, बँड प्लॅन या जुन्या वाटेनं जे ठरायला वर्षं लागायची, ते एका यादीनं काही महिन्यांत ठरवून टाकलं.

७.०७४ पासून वरच्या तीन किलोहर्ट्झच्या आत शिस्त मात्र कडक आहे. प्रत्येक सिग्नल ५० हर्ट्झ रुंद, म्हणजे पन्नासेक जण शेजारी-शेजारी मावतात. काळ पंधरा-पंधरा सेकंदांत कापलेला. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग उलट, कालव्याच्या पाणीपाळीसारखं. घड्याळ सेकंदाहून जास्त चुकलं तर आपण कुणालाच दिसत नाही. कानाला नुसती खरखर येते तिथूनही संगणक अक्षरं काढतो. त्यात कॉल साइन, सिग्नलची ताकद आणि जागा सांगणारा चार अक्षरांचा चौकोन एवढंच येतं. नांदेड शहराचा चौकोन एमके-८९, लातूरचा एमके-८८. देगलूर, मुखेडही एमके-८८ मध्येच, आणि किल्लारीही.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपाच्या ६.२ क्षमतेच्या धक्क्यानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं मातीला मिळाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्या दिवसांत मदतकार्यातला संपर्क ठेवायला हॅमही उतरले. भारतातल्या हौशी रेडिओच्या इतिहासात लातूरचं नाव तेव्हापासून आहे.

किल्लारीपासून हैदराबाद सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई चारशेच्या. हातातला व्हीएचएफ सेट तेवढं जात नाही. दिवसा ७ मेगाहर्ट्झ मात्र नेमकं हेच अंतर भरून काढतं. डायपोल मुद्दाम बुटका बांधला की लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावरून परत येते आणि चारी दिशांना काहीशे किलोमीटर पसरते; मधल्या डोंगराची, पडलेल्या टॉवरची तिला पर्वा नसते. म्हणून चाळीस मीटर हा महाराष्ट्रातल्या बोलण्याचा बँड झाला. १९९३ मध्ये तर ७.१च्या पलीकडे परदेशी प्रसारण केंद्रं गर्जत होती. बोलायची, मोर्सची, डिजिटलची सगळी दाटी त्याच शंभर किलोहर्ट्झमध्ये. २००३च्या जिनिव्हा परिषदेनं ७.१ ते ७.२ हौशींना परत दिलं आणि २००९च्या मार्चअखेर प्रसारणवाले तिथून उठले, तेव्हा कुठं श्वास घेता आला.

म्हणजे ७.०७४ हा आकडा अमेरिकेच्या मोकळ्या अंगणात जन्मला आणि आपल्या जुन्या बोलण्याच्या ओसरीवर येऊन बसला. तो आता हलणार नाही, आणि हलवण्यात अर्थही नाही. एफटी-८ करणाऱ्यानं तीन किलोहर्ट्झची हद्द सोडू नये, बोलणाऱ्यानं ७.०७४ ते ७.०७७ टाळावं, इतकं दोन्हीकडून झालं तरी भागतं. आपत्तीसाठी आपल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ विभागानं ७.११० आणि ३.६०० या फ्रिक्वेन्सी राखल्या आहेत; तिथं डिजिटल मोडचा प्रयोग कुणी कधीच करू नये.

रात्रीचं गणित वेगळं. पहाटे चारला ७ मेगाहर्ट्झ बहुतेक वेळा जवळच्या गावांवरून उडून दूर जातं. नांदेडहून लातूर गाठायला तेव्हा ऐंशी मीटरच लागतो. भारतात तो पट्टा इतर सेवांबरोबर वाटून मिळालेला आहे. ३.५७३ वर एफटी-८ सुरू करण्याआधी तिथं आणखी कुणी आहे का, हे कानानं ऐकावं. संगणकाच्या पडद्यावर आवाजी किंवा सरकारी सिग्नल नुसता एक पट्टा म्हणून दिसतो, आणि त्या पट्ट्यामागं मदत मागणारा माणूस असू शकतो.

आणखी एक. एफटी-८च्या मोकळ्या मजकुरात तेराच अक्षरं मावतात. ‘सास्तूरला डॉक्टर पाठवा’ एवढंही त्यातून धड जाणार नाही. त्याच तंत्रावर २०१८ मध्ये जेएस-८ कॉल तयार झालं, ते मोकळा मजकूर नेतं आणि चार किलोहर्ट्झ वर, ७.०७८ ला भेटतं. वेग मंद आहे, पण गावाचं नाव, जखमींचा आकडा, औषधाची यादी पोचते. लातूर-नांदेडच्या हॅमनी सराव करायचा तर आधी याचा करावा, दिवसा ७ वर आणि पहाटे ३.५ वर.